डॉक्टरकाकांच्या हुकमावरून पोर्टलंडचा दरबार

डॉक्टरकाका फोनवर विचारत नाहीत, कळवतात. "शनिवारी सकाळी सातला निघायचं, पोर्टलंडला. युरोपच्या राजांचं प्रदर्शन आलंय. हॉटेल मी बुक केलंय, गाडी अमेयची," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवूनही दिला. आम्हाला त्या शनिवारी काही काम आहे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि माझ्या नवऱ्याला, म्हणजे अमेयलाही पडला नाही. तो लगेच टायरमधली हवा बघायला खाली गेला. राजा बोले, दल हाले.

काका आमचे सख्खे कुणी नव्हेत. नागपूरहून फार वर्षांपूर्वी इकडे आलेले, हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा बॉस्टनला असतो. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलमधल्या आम्हा मराठी मंडळींचे ते अनभिषिक्त राजे. गणपती त्यांच्या घरी, दिवाळीचा फराळ त्यांच्या घरी, आणि कुणी घर घ्यायचं म्हटलं तर पहिली चक्कर काकांना घेऊन. अमेयचा जॉब गेला होता आणि नोकरीशिवाय इथे राहायला मिळणारे व्हिसाचे साठ दिवस संपत आले होते तेव्हा त्यांनी आम्हाला बॅगांसकट आपल्या घरी नेलं, चार लोकांना फोन केले, आणि अमेयला रेडमंडला नोकरी लागेपर्यंत हलू दिलं नाही. हे मी विसरलेले नाही. विसरता येत नाही, हीच खरी पंचाईत आहे.

कारण ज्या आठवड्यात हा फोन आला, त्याच आठवड्यात मला कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका कंपनीची ऑफर आली होती. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीत आहे, मला शंका घेण्याचाच पगार मिळतो. नवी जागा दोन पायऱ्या वरची, हाताखाली माझी टीम. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. अमेयला तिकडच्या ऑफिसात बदली मिळत होती, पण काकांना सांगायचं म्हटलं की तो भांडी घासायला उठायचा. सांगितलं कुणालाच नव्हतं. आणि नेमकी अशा वेळी काकांना आम्हाला राजे दाखवायची हुक्की आली? कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं.

तर, ज्यांना ही ट्रिप करायची आहे त्यांच्यासाठी: बॉथेलहून पोर्टलंड कागदावर साडेतीन तासांचं आहे. शनिवारी सातला निघालात तर टकोमा सुटसुटीत पार होतं. नऊला निघालात तर तिथेच चिवडा संपतो. तिघं असलात तर कारपूलची लेन वापरा. ऑलिंपियानंतर दोन्ही बाजूंना झाडी सुरू होते आणि डोळे मिटायला लागतात, म्हणून त्यापुढच्या एखाद्या रेस्ट एरियात थांबा. तिथे स्वयंसेवक फुकट कॉफी देतात, डब्यात वाटतील तेवढे पैसे टाकायचे. कॉफी फुकटाच्या मानाने बरी असते.

काका पुढच्या सीटवर. गाडी अमेयची, पण एसी किती, लेन कुठली आणि सतार कुणाची, हे सगळं तिकडून ठरत होतं. मी मागे बसून ऐकत होते. सेंट्रेलियाच्या आसपास त्यांनी अमेयला विचारलं, तुमच्या अपार्टमेंटचं लीज कधी संपतं. अमेय म्हणाला, ऑगस्टमध्ये. मग थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखे, म्हणाले की कॅलिफोर्नियात आता फार उकडतं म्हणे. मी आरशातून अमेयकडे बघितलं. त्याने मान हलवून 'मी नाही सांगितलं' असं दाखवलं. नवऱ्यावर विश्वास ठेवावा असं म्हणतात, पण मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंच.

कोलंबिया नदीचा पूल ओलांडला की ऑरेगन. इथे सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे आपली माणसं लॅपटॉप घ्यायला येतात आणि बरोबर प्रेक्षणीय स्थळं उरकतात. जेवायला डाउनटाउनमध्ये खाण्याच्या गाड्यांचे तळ आहेत, तिथे पंधरा डॉलरमध्ये पोटभर मिळतं. काकांसाठी इथिओपियन डाळ आणि भाजी घेतली. त्यांनी ती आंबोळीसारख्या आंबट पोळीबरोबर खाल्ली आणि 'आपल्यासारखीच आहे' असा निकाल दिला.

प्रदर्शन एका जुन्या म्युझियमच्या दोन मजल्यांवर होतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारात रांग असते, ज्येष्ठांना सवलत आहे. खालच्या मजल्यावर राजेशाही कशी चढत गेली ते आणि वरच्या मजल्यावर ती कुठे अडली ते. आत शिरल्या शिरल्या फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं भिंतभर चित्र. डोक्यावर केसांचा डोंगर, अंगावर राज्याभिषेकाचा झगा, पांढऱ्या मोज्यातला पाय मुद्दाम पुढे काढलेला आणि बुटांच्या टाचा लालभडक. काका खुश झाले. "एक माणूस ठरवतो, म्हणून ठरतं. नाही तर आपलं मंडळ बघ," ते म्हणाले.

आम्हाला दाखवणाऱ्या बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या होत्या, आणि माझ्यासारख्याच संशयी. 'राज्य म्हणजे मीच' हे या राजाच्या नावावरचं वाक्य तो खरंच म्हणाल्याचा पुरावा नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. काकांना ते आवडलं नाही. मला बाई आवडल्या.

खरी मजा पुढच्या दालनात होती. तिथे राजाची झोपण्याची खोली उभी केली होती: पडद्यांचा पलंग आणि त्याच्यासमोर सोनेरी कठडा. राजा सकाळी उठायचा तोही समारंभ आणि रात्री झोपायचा तोही समारंभ. सदरा कुणी द्यायचा याचेसुद्धा मान ठरलेले. रात्री राजा कपडे बदलत असताना जवळ मेणबत्ती धरून उभं राहायला एकाला निवडायचे, आणि ज्यांच्या घराण्यांनी एके काळी राजाविरुद्ध तलवारी उपसल्या होत्या ते सरदार आता या मेणबत्तीसाठी झुरायचे. आपापले गढी-किल्ले सोडून व्हर्सायला येऊन राहायचे. बाई म्हणाल्या, की फौज धाडून जे साधलं नसतं ते मेणबत्तीने साधलं. राजाच्या डोळ्यांसमोर असलेला माणूस बंड करत नाही, तो आज माझा नंबर लागतो का ते बघत बसतो.

ऐकता ऐकता मला एकदम आठवलं. आरतीचं तबक! दरवर्षी काकांच्या गणपतीत पहिल्या आरतीचं तबक कोण धरणार हे काका ऐन वेळी सांगतात. त्यासाठी माणसं सुट्ट्या टाकून येतात. एका वर्षी तबक धरायला मिळालं नाही म्हणून एक जोडपं दिवाळीपर्यंत आमच्याशी बोलत नव्हतं, खरं तर आमचा त्यात काय संबंध! मोदक कुणी करायचे, वळायचे किती आणि वाफेला कधी लावायचे, हेही काकाच ठरवतात. त्यावरून माझी आणि त्यांची दरवर्षी खडाजंगी होते, आणि तरी त्यांनी सांगितलेल्या वेळी मी मोदकपात्र घेऊन हजर असतेच. नोकरी सोडून कुठे जायचं म्हटलं की बॉथेलमधल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न निघतो, मग गणपतीचं काय. मी कठड्यापलीकडच्या त्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिले. मला त्या मेलेल्या राजाचा राग आला आणि जिवंत काकांचाही.

वरच्या मजल्यावर राजांची फजिती मांडलेली होती. राजाचा हुकूम सुटला म्हणजे तो पाळला गेला, असं नसतं. फ्रान्समध्ये त्याचे फतवे न्यायसभांकडून दप्तरी नोंदवून घ्यावे लागत आणि त्या कुरकुर करत. प्रांतांचे जुने हक्क होते, सवलती होत्या. लढायांसाठी पैसा हवा म्हणून राजांनी सरकारी पदं विकली. ती घेणाऱ्यांनी ती मुलांना दिली, आणि मग आपल्याच राज्यातला अधिकारी राजाला काढता येईना. अमेय हळूच म्हणाला की आमच्या ऑफिसात असे दोन डायरेक्टर आहेत. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने तर पार्लमेंटला विचारायचंच नाही असं ठरवून बरीच वर्षं काढली, शेवटी पैशांसाठी बोलवावं लागलंच, आणि ते सगळं शिरच्छेदापर्यंत गेलं.

काका त्या शिरच्छेदाच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी बाईंना विचारलं, या राजांना खरं कोण सांगायचं? बाई म्हणाल्या की बहुतेक कुणीच नाही, ज्याची मर्जी सगळ्यांना हवी असते त्याच्यापर्यंत खरं पोचेतो फार उशीर होतो. काकांनी मान डोलावली आणि बाकड्यावर बसले. त्यांचे गुडघे दुखत होते, हे मला तेव्हा दिसलं. सांगितलं मात्र त्यांनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हायवे तीसने नदीच्या मुखाशी असलेल्या ॲस्टोरियाला गेलो. परतीचा हा रस्ता लांबचा आहे, पण नदीच्या कडेकडेने जातो, घाई नसेल तर हाच घ्या. गावात धक्क्यावर पार्किंग सहज मिळतं. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. काकांनी बटाट्याचे काप आणि कोबीचं कोलस्लॉ घेतलं. समोर मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती आणि वारा असा की कागदी ताटली एका हाताने धरूनच खावं लागत होतं.

तिथे काकांनी विषय काढला. "अमेय, यंदाचा गणपती तुमच्या घरी बसवायचा. माझ्याच्याने आता होत नाही. यापुढे तुमच्याकडेच."

अमेयचे डोळे भरून आले. एवढा मान बॉथेलमध्ये आजवर कुणाला मिळाला नव्हता. तो उठून त्यांच्या पाया पडायला वाकला, त्या धक्क्यावर, पर्यटकांसमोर. आणि मला फक्त मेणबत्ती दिसत होती. आता हा माणूस बॉथेल सोडून कुठे जातो! असा राग आला की भिडस्तपणा गळून पडला.

"काका, मला सनीव्हेलला जॉब मिळालाय. मला तो घ्यायचाय," मी म्हणाले.

अमेय वाकलेला तसाच थांबला. काकांनी एक काप केचपमध्ये बुडवला, खाल्ला, हात पुसले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तू. परवा मी मोदक एकवीसऐवजी एकशेआठ करू म्हटलं आणि तू 'बरं' म्हणालीस. इतक्या वर्षांत तू मला कधी 'बरं' म्हटलेलं नाहीस. अमेयचं दुसरं ऑफिस कॅलिफोर्नियात, म्हणजे तिकडेच. जाणारी माणसं भांडत नाहीत, मुग्धा."

मी विचारलंच, की माहीत होतं तर गणपती आमच्या गळ्यात का घालत होता. त्यांनी माझी नजर चुकवली नाही. "थांबाल म्हणून," ते म्हणाले. "माझ्याकडे द्यायला तेवढंच आहे."

परतताना नदीवरचा चार मैलांचा लांब पूल ओलांडून वॉशिंग्टनच्या हद्दीत आलो. या वेळी काकांनी सतार लावली नाही. हायवे एकशेएकवरून रेमंडमार्गे ऑलिंपियाला निघतो, पेट्रोल ॲस्टोरियातच भरून घ्या, मध्ये पंप थोडे आहेत. बॉथेलला त्यांना दारात सोडलं तेव्हा अमेयने बॅग आत नेली. काका म्हणाले, "उत्तर कधी द्यायचंय?" मी म्हटलं, उद्या. "मग देऊन टाक," एवढं बोलून ते आत गेले.

सोमवारी मी होकार कळवला. अमेय दोन दिवस घुश्शात होता, तिसऱ्या दिवशी पॅकिंगचे खोके आणायला गेला.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, ट्रिप चांगली झाली. प्रदर्शन हलायच्या आत जरूर बघा, विशेषतः कठडा. पण मन अजून साशंक आहे. त्यांनी खरं बोलून टाकलं ते हरल्यामुळे, की ते बोलल्यावर मला सुटता येणार नाही हे ओळखून? इतकी वर्षं माणसांच्या छातीला कान लावलेला माणूस आहे, त्याला काय कळत नाही? त्यांनी आम्हाला बांधून ठेवलं होतं हे खरं, आणि आम्ही रस्त्यावर आलो असतो तेव्हा घरात घेतलं हेही खरं. यातलं एक धरून दुसरं सोडता येईल असं मला वाटत होतं, ते येत नाही.

गुरुवारी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता काय हुकूम सुटतो. पण काका म्हणाले, "गणपतीला मी सनीव्हेलला येऊ का? म्हणजे, तुम्हाला चालणार असेल तर."

मी या म्हणाले. एकशेआठ मोदक मात्र होणार नाहीत, हेही सांगून टाकलं. त्यावर ते जोरात भांडले आणि मला फार बरं वाटलं. फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला आणि अपार्टमेंटच्या यादीतून वरच्या मजल्यांवरची सगळी काढून टाकली. तळमजल्यावरचंच बघायचं, त्यांना जिने चढवत नाहीत.