बर्फासाठी केलेला नवरा

मी नवरा पसंत केला तो बर्फासाठी. लोक पगार बघतात, पत्रिका बघतात. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत मुलाच्या आईचा स्वभावही चार ठिकाणी चौकशी करून बघतात. मी यातलं काहीच बघितलं नाही. एक प्रश्न विचारला, त्याला होकार आला, आणि मी जन्म लिहून दिला. असल्या मुलीला शहाणी म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. माझं ठरवून झालंय.

तेव्हा मी मद्रासला, मैलापुरात, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आल्प्सपासून टुंड्रापर्यंत सगळं शिकवायची आणि पाहिलेला सर्वांत उंच डोंगर म्हणजे मद्रासची परंगीमलै टेकडी, जिच्यावर चढायला पायऱ्या आहेत. शाळेच्या वाचनालयात एक परदेशी चित्रमासिक यायचं. एका अंकात बर्फाचं मोठं पान होतं. डोंगरावरून सुसाट खाली येणारी माणसं होती, पण त्यांच्यात मला रस नव्हता, पडायला मला मद्रासचे रस्ते पुरत होते. कोपऱ्यात एक लहान चित्र होतं. पांढरं माळरान, मागे डोंगर, आणि पायांना लांब फळ्या बांधून एक बाई एकटीच चालली आहे. खाली लिहिलं होतं की असं दिवसच्या दिवस चालतात, संध्याकाळी लाकडी झोपडीत उतरतात, सकाळी पुन्हा चालू लागतात.

आमच्या घरून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कशाला, कोणाबरोबर आणि केव्हा परत, एवढी जकात भरावी लागे. त्या बाईला कोणी काही विचारत नव्हतं. निदान चित्रात तरी नव्हतं.

मग मुलगे बघायला येऊ लागले आणि मी प्रत्येकाला विचारू लागले. पहिला हसला आणि म्हणाला, ‘स्वयंपाक येतो ना पण?’ दुसऱ्याने माझ्या वडिलांना बाजूला घेऊन माझ्या डोक्याची चौकशी केली. तिसरे हे. गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात ड्राफ्ट्समन, सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. आम्हाला ओसरीवर जरा वेळ बोलायला सोडलं, तेव्हा मी म्हटलं, ‘लग्नानंतर मला काश्मीरला जायचंय. बर्फात पायांना फळ्या बांधून चालायचंय. याल?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

‘सेरि,’ ते म्हणाले.

सेरि म्हणजे तमिळमध्ये बरं, ठीक. आमच्या मराठीत तो शब्द मिठासारखा, सगळ्यात घातलेला असतो. मी आत गेले आणि आईला सांगितलं, हाच. इतकी बावळट पोरगी मी नंतर माझ्या वर्गातसुद्धा पाहिली नाही.

पहिल्या वर्षी बेत असा झकास झाला की विचारू नका. यांच्या हाताला मुळातच आखणीचं वळण. नकाशे आले, गाड्यांची वेळापत्रकं आली, कुठे बदलायचं, कुठे जेवायचं, पठाणकोटहून पुढची बस कुठल्या बाजूला बसलं तर दरी दिसेल, सगळं. रोज संध्याकाळी कॉफी झाली की आम्ही दोघं जमिनीवर नकाशा पसरून बसायचो. सासूबाईंना मी घाबरत होते, पण त्यांची हरकत वेगळीच निघाली.

‘तिथे मडी कसं पाळणार?’ म्हणजे सोवळं.

‘आई, सगळीकडे बर्फच असतो,’ हे म्हणाले.

त्यांनी विचार केला. ‘बर्फ म्हणजे पाणीच की. मग चालेल.’

शास्त्राचा अडथळा असा दूर झाला आणि मग सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला. डोळ्याचं ऑपरेशन, नंतर हिरवी पट्टी, नंतर आंधळी कोशिंबीर. हिवाळा गेला. दुसऱ्या वर्षी कारखान्यात मोठी ऑर्डर आली आणि यांनी रजा मागितलीच नाही. ‘कसं मागणार? पुढच्या वर्षी निवांत जाऊ,’ म्हणाले. त्या निवांत शब्दावर मी वर्षभर जगले. मूर मार्केटात कुणा गोऱ्या साहेबाचा जुना ओव्हरकोट मिळाला, तो यांनी वैशाखात पंख्याखाली बसून घालून बघितला. घामाने न्हाले, पण उठेनात. ‘सवय करतोय,’ म्हणाले. मी समोर बसून डोळ्यांत पाणी आणलं. काय प्रेमळ माणूस मिळालाय, असं मला वाटलं.

तिसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. फळ्या पाहिजेत, म्हटलं, तिथे जाऊन शिकण्यात वेळ घालवायचा नाही. कारखान्यात परदेशी यंत्र ज्या खोक्यातून आलं होतं त्याचं लाकूड हलकं आणि सरळ होतं. तिथल्या सुताराने दोन जोड तासून दिले. टोकं वर वळवायची होती. त्याला वाफ लागते असं यांनी कुठेसं वाचलं होतं, आणि आमच्या घरात वाफेचं एकच खात्रीचं साधन होतं. दोन दिवस आम्ही इडलीच्या भांड्यावर फळ्यांची टोकं वाफवली. वाकली हो, झकास वाकली. ते भांडं सासूबाईंनी मोलकरणीला देऊन टाकलं. ‘त्यात आता काय शिजेल ते देव जाणे,’ म्हणाल्या.

खाली बुळबुळीत काहीतरी लावतात एवढं मासिकात होतं, पण काय ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरात जे करकरतं त्याला खोबरेल लावतात. दाराला, शिवणयंत्राला, मुलींच्या डोक्याला. तेच लावलं.

मग रविवारी पहाटे सायकलला फळ्या बांधून तिरुवान्मियूरच्या पुढे. तिथे तेव्हा सुरूची झाडं आणि समुद्र, बाकी काही नव्हतं. पायात जुन्या चपलांचे पट्टे ठोकलेल्या फळ्या, हातात बांबू, नऊवारी कमरेला खोचलेली. ओल्या वाळूवर मी दहा पावलं सरकले आणि अकराव्याला उताणी झाले. एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन थांबली. तिने तमिळमध्ये विचारलं, ‘नवस आहे का अम्मा?’

‘हो,’ मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

‘कोणाला बोललीस?’

‘उत्तरेकडचा देव आहे.’

‘कडक दिसतोय,’ ती म्हणाली आणि हात जोडून गेली.

यांनी फळ्या घातल्या नाहीत. ते बाजूला उभं राहून मला सूचना देत होते. गुडघे वाकव, बांबू मागे टाक. मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही कधी शिकणार?’ तर म्हणाले, ‘आधी तुझं नीट होऊ दे.’ हेही मला प्रेमळच वाटलं. माझ्या त्या वयाला एखादा कान पकडणारा भेटायला हवा होता.

या खेपेला रजा मंजूर झाली. सासूबाईंचे डोळे ठणठणीत होते, कारखान्यात घाई नव्हती. सोमवारी तिकिटं काढायची असं ठरलं. आधीच्या शनिवारी दुपारी हे अंगणात बसून फळ्यांना तेल चोळत होते, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला खाली आल्या. नवऱ्याची बँकेत बदली म्हणून त्या पुण्याहून नुकत्याच आलेल्या. आमचं मराठी ऐकताना त्यांचे ओठ नेहमी जरा हलायचे, हसू दाबायचं असल्यासारखे.

‘हे काय चाललंय?’

मी ऐटीत सगळं सांगितलं.

‘आणि हे तेल कुठलं?’

‘खोबरेल. मस्त सरकतं.’

आता मात्र त्या हसल्या. ‘अहो, पुण्याच्या थंडीत आमच्या खोबरेलाचा दगड होतो. बाटली चुलीशी ठेवावी लागते, नाहीतर काडीने टोकरून काढायचं. आणि तुम्ही ते बर्फावर नेताय? फळीला बर्फाचा लगदा चिकटून बसेल. पाऊल उचलणार नाही तुमचं.’

आमच्याकडे मार्गशीर्षात पहाटे तेल जरा दुधट व्हायचं आणि कॉफी गाळून होईपर्यंत पुन्हा पातळ. थंडीचा आमचा सगळा अनुभव एवढाच. पाणी केव्हा गोठतं ते मी शाळेत पोरींकडून घोकून घेत होते. तेलाचं कोणत्याच परीक्षेत विचारत नसत.

मी ओशाळून यांच्याकडे बघितलं. वाटलं, इतक्या मेहनतीवर पाणी पडलं, बिचारे खचले असतील. ते खचलेले नव्हते. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. ताप उतरल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते.

‘सेरि,’ ते म्हणाले, ‘म्हणजे तेलाचं आता पहिल्यापासून बघायला हवं. घाई करण्यात अर्थ नाही. तिकिटं एवढ्यात नकोत.’

बाई विरजण घेऊन वर गेल्या. मी अंगणातच बसले.

‘तुम्हाला कधी यायचंच नव्हतं,’ मी म्हटलं.

ते फडक्याला हात पुसत राहिले. ‘मला पंख्याचा वारा लागला तरी शिंका येतात. तुला माहीत आहे.’

‘मग ओसरीवर हो कशाला म्हणालात?’

‘नाही म्हणालो असतो तर तू लग्न केलं असतंस?’

‘नाही.’

‘मग?’

त्यांनी मला फसवलं म्हणावं, तर तीन वर्षं तो माणूस रोज संध्याकाळी माझ्या शेजारी जमिनीवर बसला होता, कारण बेत संपला असता तर मीही संपले असते असं त्याला वाटत होतं. आणि बेत तडीस गेला असता तर त्याला मरायची भीती. मध्येच कुठेतरी तरंगत राहणं एवढंच त्याच्या हातात होतं.

‘तू जा ना,’ ते हळूच म्हणाले. ‘मी सेंट्रल स्टेशनवर सोडायला येतो. आईला मी सांभाळतो.’

ते खरंच म्हणत होते, हे सगळ्यात वाईट. मी वर गेले आणि पुण्याच्या बाईंना विचारलं, येता का माझ्याबरोबर.

‘बाई गं,’ त्या म्हणाल्या, ‘थंडीतून सुटले म्हणून मी मद्रासला खूश आहे.’

शाळेतल्या दोघींना विचारलं. एकीला मूल लहान, दुसरीने विचार करते म्हटलं आणि पुढे आठवडाभर मला टाळलं. एकटीने जायचं म्हणजे चार दिवस रेल्वेत, मग बस, मग अनोळखी घोडेवाले, आणि रात्री दाराला कडी असेल की नाही कोणास ठाऊक. त्या चित्रातली बाई तिथवर कशी पोचली होती हे मासिकात दिलंच नव्हतं. इतकी वर्षं तो प्रश्न मला पडलाही नव्हता. रजेचे दिवस आले आणि आम्ही दोघांनी ते घरातच घालवले. मी झोपून काढले, म्हटलं तरी चालेल. सासूबाईंनी पित्ताचं औषध दिलं.

पुढच्या हिवाळ्यात मला सहावा महिना होता. संध्याकाळी कॉफी झाली, आणि यांनी जरा घाबरतच नकाशा काढून माझ्यासमोर पसरला. म्हणाले, ‘बाळ जरा चालायला लागलं की निघू. दिल्लीत गाडी बदलायची. तिथे थंडी असेल, दोन दिवस थांबू. सवय व्हायला.’

मी नकाशाकडे बघितलं. मद्रासपासून वरपर्यंत यांनी तांबडी रेघ ओढली होती, अतिशय सुंदर, जराही न थरथरता.

‘दोन कशाला, आठ थांबू,’ मी म्हटलं. ‘आणि त्याआधी नागपूरलाही उतरू.’

यांनी मान वर केली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि नागपूरभोवती एक बारीक वर्तुळ काढलं.