खिंडीपलीकडच्या फांद्या

गुनवोर हाउगेन ही आमच्या गावच्या वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी, टॉवेल, म्हाताऱ्यांचे लोकरी पायमोजे. पण नोव्हेंबरात बर्फ धरला की ती चार वाजता एप्रन खुंटीला टांगायची आणि मागच्या दारातून स्कीवरूनच घरी जायची. आमच्या स्की क्लबात तिच्याइतकं डोंगर जाणणारं कुणी नव्हतं. मी तेव्हा क्लबाची चिटणीस होते, शाळेत शिकवत होते, आणि ती मला कायम "पोरी" म्हणायची.

दर मार्चमध्ये क्लबाचं एक श्रमदान असतं. वरच्या शेवटच्या गोठ्यापासून पठार ओलांडून तळ्याकाठच्या आमच्या झोपडीपर्यंत बर्फात बर्चच्या झाडाच्या फांद्या रोवायच्या, वीस-वीस पावलांवर एक. ईस्टरच्या सुट्टीत सगळं गाव वर जातं. धुकं उतरलं की स्वतःच्या स्कीचं टोक दिसत नाही. तेव्हा एका फांदीपासून दुसरीकडे असं जायचं. हे काम गुनवोर आणि तिचा नवरा पेडर एकोणीस वर्षं करत होते.

सत्याऐंशी साली पेडरच्या खुब्याचा सांधा बदलला. जानेवारीच्या बैठकीत आमचे अध्यक्ष तोरग्रिम म्हणाले, "गुनवोर, यंदा पोरांना स्नोस्कूटर घेऊन पाठवतो. तू जरा आराम कर. वय झालं आता."

"स्कूटरला डोळे असतात का, तोरग्रिम?" ती म्हणाली. "कुठल्या कड्यावर बर्फ पुढे लोंबतो ते तिला कोण सांगणार? मी एकटी पुरेशी आहे. तुझं वय माझ्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त आहे, तू कर आराम."

सगळे खदखदून हसले. तोरग्रिमही हसले, पण कान लाल झाले त्यांचे. काम तिच्याकडेच राहिलं.

चार दिवस ती एकटी वर जात होती. कंबरेला पट्टा, मागे फांद्यांनी लादलेली घसरगाडी. चौथ्या दिवशी खिंडीत पोचली तेव्हा फांद्या संपल्या. पुढे झोपडीपर्यंत एक किलोमीटर राहिला होता. लख्ख ऊन होतं आणि झोपडीचं लाल छप्पर समोर दिसत होतं. नव्या फांद्यांसाठी पुन्हा खाली जंगलापर्यंत जावं लागलं असतं. गुडघा ठणकत होता. उद्या येऊ, असं म्हणून ती परतली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून घरीच बसली. संध्याकाळी तोरग्रिमचा फोन आला.

"झालं का गं सगळं?"

"झालं," ती म्हणाली.

एका शब्दाचं खोटं. मी दुकानाच्या फळ्यावर कागद लावला: झोपडीपर्यंतची वाट आखली आहे. तिने तो वाचला. मी शेजारीच उभी होते.

ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी आइलिफ ब्रेन्ना आणि त्याची बायको हेर्डिस वर निघाले. आइलिफ बसचा निवृत्त चालक, सदुसष्ट वर्षांचा. तरुणपणी क्लबाच्या शर्यतींत गुनवोरच्या संघात धावलेला. दुपारी धुकं आलं, मग वारा. खिंडीपर्यंत ते फांदी-फांदी करत नीट पोचले. पुढे फांदीच नाही. आपलीच एखादी नजरेतून सुटली असं समजून ते मागे-पुढे शोधत राहिले आणि वाटेवरून पार बाजूला गेले. शेवटी बर्फात खड्डा खणून दोघं त्यात बसले. खणताना आइलिफचा उजवा हातमोजा वाऱ्याने नेला.

दोघं झोपडीवर पोचले नाहीत असं कळलं आणि गुरुवारी उजाडताच आम्ही शोधायला निघालो. सगळ्यांत पुढे गुनवोर. ती इतकी जोरात चढत होती की तरुण पोरंही मागे पडली. खिंडीत तोरग्रिम थांबले. पुढे सपाट, पांढरं, रिकामं.

"वाऱ्याने उपटून नेल्या," ते म्हणाले. "एकूण एक."

मी गुनवोरकडे पाहिलं. तिच्या पापण्यांवर बर्फ जमला होता. "हो," ती म्हणाली. "वारा."

ते दोघं झोपडीपासून तीनशे मीटरवर सापडले. तेही तिलाच. हेर्डिसला काही झालं नव्हतं. आइलिफची तीन बोटं मात्र काढावी लागली. माशांसाठीचे पिसांचे गळ बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता; गावातल्या प्रत्येकाच्या टोपीला आइलिफने बांधलेला एखादा गळ लटकत असायचा.

मे महिन्याच्या बैठकीत आइलिफचं पत्र वाचलं गेलं. ते वाचायचं काम माझ्याकडे होतं. "गुनवोरच्या फांद्या नसत्या तर आम्ही खिंडीपर्यंतही पोचलो नसतो. आणि तिच्याशिवाय आम्ही सापडलोही नसतो." टाळ्या पडल्या. क्लबाने तिला चांदीची पिन दिली. तोरग्रिमनी स्वतः तिच्या स्वेटरला लावली आणि म्हणाले, "जानेवारीत मी काही बोललो होतो, ते मागे घेतो." ती खाली बघत उभी होती. आम्हाला वाटलं, लाजाळू आहे बिचारी.

त्या उन्हाळ्यात ती पार बदलली. आइलिफची सायकल दुकानाबाहेर दिसली की ती तशीच माघारी वळायची. हेर्डिस एकदा दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा घेऊन तिच्याकडे गेली. बरणी पुढे करत म्हणाली, "तू आमच्यासाठी धावलीस गं." गुनवोरने बरणी घेतली, आभार मानले आणि हेर्डिस वळताच मोरीत जाऊन ओकली. हे मला पेडरने पुढे सांगितलं. त्यालाही तिने तेव्हा काही सांगितलं नव्हतं. तो फक्त बघत होता की बायको वॉफल भाजते आणि स्वतः एकही खात नाही.

सप्टेंबरात एका दुपारी ती ब्रेन्नांच्या घरी गेली. काय झालं ते तिने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं, जणू स्वतःला परत एकदा ऐकवत असावी.

आइलिफ खिडकीशी गळ बांधत बसला होता. दोरा दातात, पीस डाव्या हातात, आणि उरलेली दोन बोटं नुसती धडपडत होती. गुनवोर बसली नाही.

"आइलिफ, खिंडीपलीकडे मी फांद्या लावल्याच नव्हत्या."

त्याने दोरा तोंडातून काढला. "काय?"

"संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाणार होते, गेले नाही. तोरग्रिमला झालं म्हणून सांगितलं. वाऱ्याने काही नेलं नाही."

"किती राहिल्या होत्या?"

"साठ-पासष्ट."

"साठ-पासष्ट," तो म्हणाला आणि हाताकडे बघत बसला.

स्वयंपाकघराच्या दारात हेर्डिस उभी होती. "सबंध उन्हाळा मी वाऱ्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आणि तुला मुरंबा दिला."

"माफ कर, हेर्डिस."

"जा तू आता."

ती निघाली तेव्हा आइलिफ मागून बोलला. आवाज चढवला नाही त्याने. "मला एकट्याला सांगून मोकळी होऊ नकोस. हे माझ्या गळ्यात बांधू नकोस. बैठकीत सांग."

नोव्हेंबरच्या वार्षिक बैठकीला शाळेच्या जेवणघरात चाळीसेक माणसं होती. ब्रेन्ना पती-पत्नी शेवटच्या बाकावर. गुनवोर उठली. सप्टेंबरात बोलली तीच वाक्यं तिने पुन्हा उच्चारली, आणि एक जास्त: "मी म्हातारी झाले नाही हे तोरग्रिमला दाखवायचं होतं." पिन काढून टेबलावर ठेवली. माझी पेन्सिल हवेतच राहिली.

"हे इतिवृत्तात लिहायचं का?" मी विचारलं.

"लिही, पोरी," ती म्हणाली. "नीट लिही."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. तोरग्रिम टक्कल चोळत म्हणाले, "मीही वर जाऊन बघायला हवं होतं." ठराव झाला की यापुढे वाट आखायला दोघंजण जातील आणि तिसरा जाऊन तपासेल. त्या हिवाळ्यात तिला कुणी बोलावलं नाही. पेडर म्हणतो, मार्चमधले ते चार दिवस ती धुलाईघरात जादा पाळ्या करत होती.

त्यापुढच्या वर्षी ती आपणहून आली. यान नावाचा स्कूटर चालवणारा सव्वीस वर्षांचा पोरगा आता वाट आखण्याच्या कामाचा प्रमुख होता. तिने त्याला विचारलं, "मी फांद्या धरायला आले तर चालेल?" तो गडबडून म्हणाला, "गुनवोर, तुम्हीच सांगा ना कुठे लावायच्या ते." ती म्हणाली, "नाही. तू सांग. मी धरते." अशी आठ वर्षं तिने फांद्या धरल्या. रोज खाली आल्यावर मला फोन करून कुठपर्यंत झालं ते सांगायची आणि न चुकता म्हणायची, "कुणाला तरी बघायला पाठव हं."

हेर्डिस तिच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. आइलिफ दुकानात मान हलवायचा, तेवढंच. एकदा, बऱ्याच वर्षांनी, पठारावर माझ्यासमोर त्यांची गाठ पडली. गुनवोरने आपली स्की वाटेबाहेर काढून त्याला रस्ता दिला. तो थांबला. "स्कीला बर्फ चिकटतोय आज," म्हणाला. "हो, ओला आहे," ती म्हणाली. तो पुढे गेला. गुनवोर मानेपर्यंत लाल झाली होती, आणि आइलिफ उतारावर दिसेनासा होईपर्यंत ती बाजूच्या खोल बर्फातच उभी राहिली.