ओंजळीचा साचा

सरांनी मला शर्ट काढायला लावला.

हॉलच्या मागच्या व्हरांड्यात. पांढरा टेरिकॉटचा शर्ट. माझा नव्हता, माझा दोस्त सोपानचा होता, त्याच्या लग्नातला. तिसगावहून नगरपर्यंत एसटीत मी सीटला पाठ टेकवली नव्हती, शर्ट चुरगळेल म्हणून. त्या दिवशी माझं चित्र हॉलमध्ये लागलं होतं. माणसं बघायला येणार होती.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे काय घालून आलास? कामाचे कपडे कुठायत?"

आणले नाहीत म्हणालो. सर वैतागले. त्यांनी माळ्याला हाक मारली आणि त्याची बंडी मागून घेतली. काखेत फाटलेली, घामानं पिवळी पडलेली. मी ती घातली. तेवढ्यानं भागलं नाही. सरांनी ब्रश तांबड्या रंगात बुडवला आणि माझ्या छातीवर झटकला. मग थोडा खांद्यावर. मग मागं सरकून, मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं.

"हं. आता खरा वाटतोस."

मी हसलो. मोठा माणूस काही बोलला की हसायचं, हे अंगात मुरलेलं होतं.

आम्ही छापवाले. तिसगावच्या महारवाड्यातली तीनचार पोरं. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडात वाड्याचं नाव जुनंच होतं. सोपान नगरला एका पेंटरकडं राबला होता. बैलगाडीच्या साटीवर, म्हणजे बाजूच्या फळ्यांवर, मालकाचं नाव, तेलाच्या डब्यावर नंबर, असली कामं. तिथं तो साचा कापायला शिकला आणि त्यानं आम्हाला शिकवलं. काम सोपं असतं. पातळ पत्र्यातून नाहीतर पुठ्ठ्यातून आकार कापून काढायचा. साचा भिंतीला दाबून धरायचा, वरून रंगाचा बोळा मारायचा. कापलेल्या जागेतून रंग भिंतीवर उतरतो. झाला छाप.

पत्रा महाग होता. सोपानची मावशी नगरच्या एका दवाखान्यात झाडलोट करायची. ती टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मा आणायची. कुणाच्या तरी बरगड्या, कुणाचं तरी मोडलेलं मनगट. ब्लेडनं सुरेख कापलं जायचं. रंग म्हणजे गेरू, आणि दिव्याची काजळी.

ज्याला रेघ ओढता येत नाही त्यालाही छाप मारता येतो. म्हणून तो आम्हाला आवडायचा. पाथर्डीकडची पोरं यायची, आमचा साचा गिरवून न्यायची. काष्टीच्या बाजाराला कुणी गेलं की तिकडची पोरं मागून घ्यायची. कुणी कुणाला विचारत नव्हतं, हे चित्र तुझं का माझं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळा वाडा खडीच्या कामावर. आईसुद्धा. डोक्याला फडकं बांधून, मांडीखाली पोतं घेऊन दिवसभर दगड फोडायची. मी मॅट्रिक झालेला. तरी तिच्या शेजारीच बसायचो, हातोडा घेऊन. दुसरं कामच नव्हतं.

कामावर पाण्याचं पीप होतं आणि एक पाणक्या होता. बाकीच्या बाया पिपाजवळ जाऊन तांब्यानं प्यायच्या. आमच्या बायांनी बाजूला उभं राहायचं, वाकायचं, ओंजळ धरायची. पाणक्या हात उंच करून वरून पाणी सोडायचा. निम्मं ओंजळीत, निम्मं मुरमात. सरकारी काम, सरकारी पाणी. ओंजळ मात्र आमचीच.

एका दुपारी पाणक्या जेवायला गेला होता. आईच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. ती उठली, पिपाजवळ गेली आणि स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून प्याली.

मुकादमानं पाहिलं. तो आला आणि पीप लाथेनं आडवं केलं.

त्या वर्षी बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. तिथं आख्खं पीप मुरमात जिरलं. मुकादमाला कुणी एक शब्द बोललं नाही. बाकीच्या बायांनी माझ्या आईला शिव्या घातल्या. हिच्यापायी सगळ्यांचं पाणी गेलं म्हणाल्या. आई परत येऊन पोत्यावर बसली. दगड फोडायला लागली. मी पण फोडायला लागलो. मी काहीच केलं नाही, हे मला त्या दगडांपेक्षा जड झालं.

त्याच आठवड्यात मी साचा कापला. वाकलेली बाई, धरलेली ओंजळ, वरून पडणारी धार. धार सोडणारा हात तेवढा, माणूस नाही. आणि खाली दोन शब्द कापले. 'वरून का?'

आम्ही तो छाप चावडीच्या भिंतीवर मारला. एसटी स्टँडवर मारला. पिपावरसुद्धा मारला. मुकादमानं तो खरवडला तेव्हा पुन्हा मारला. पोरांनी साचा गिरवून नेला आणि पाथर्डी रस्त्यावरच्या पुलांवर ते दोन शब्द दिसायला लागले.

सरांनी छाप पाहिला तो तिसगावच्या स्टँडवर. सर नगरला चित्रकलेचे वर्ग चालवायचे. दुष्काळी भाग पाहायला शहरातल्या मंडळींबरोबर जीपमधून आले होते. विचारत विचारत वाड्यात आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाड्यात येऊन आमच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. ते म्हणाले, हे नगरच्या हॉलमध्ये लागलं पाहिजे, पुढं मुंबईला गेलं पाहिजे. मी हुरळलो. आईला सांगितलं, माझं चित्र भिंतीवर लागणार. आई म्हणाली, "भितीवर तर हायेच की आत्ता."

सरांनी मांजरपाटाचं कापड ताणून दिलं. त्यावर मी छाप मारला. खालचे दोन शब्द मारायला निघालो तर त्यांनी हात धरला. शब्द आले की चित्राचं पोस्टर होतं म्हणाले. चित्रानं स्वतः बोलावं. मला ते खरं वाटलं. शिकलेला माणूस बोलतोय, म्हणजे असेल तसं.

तर त्या दिवशी मी माळ्याची बंडी घालून हॉलमध्ये गेलो. माझ्या चित्राखाली पोतं अंथरलेलं होतं. तिथं बसून मी साचे कापायचे, येणारे बघणार. ओंजळीचा साचाही सरांनी आठवणीनं आणायला सांगितला होता. तो माझ्या मांडीशी ठेवला. वर पाहिलं. चित्राखाली चिठ्ठी होती. 'तहान'. खाली सरांचं नाव आणि पुढं, 'ग्रामीण कारागिराच्या सहकार्यानं'.

माणसं आली. चांगल्या साड्या, अत्तराचा वास. चित्रापुढं उभं राहून दुष्काळाबद्दल बोलत होती. पाऊस, निसर्ग, माणसाची अगतिकता. त्या वरच्या हाताबद्दल कुणी बोललं नाही. तो हात त्यांना ढगाचा वाटला असेल.

एक बाई वाकून माझी बोटं बघत होत्या. त्यांनी सरांना विचारलं, मला नाही.

"ह्याला लिहितावाचता येतं का हो?"

सर म्हणाले, "नाही ना. तेच तर विशेष आहे."

मी मॅट्रिक झालोय हे सरांना ठाऊक होतं. वाड्यात मीच सांगितलं होतं आणि त्यांनी शाबास म्हटलं होतं. माझ्या हातातलं ब्लेड थांबलं. पुन्हा चालू झालं.

सरबताचे ट्रे फिरत होते, ते माझ्या डोक्यावरनं जायचे. घसा सुकला तेव्हा मी शिपायाला पाणी मागितलं. तो मला मागच्या मोरीपाशी घेऊन गेला. त्यानं तांब्या उचलला. मी वाकलो आणि ओंजळ धरली. त्यानं सांगितलंसुद्धा नव्हतं. माझे हात आपोआप पुढं झाले. पाणी वरून आलं, मी प्यालो. तोंड पुसताना माझं मला कळलं की मी काय केलं.

आत त्या भिंतीवर मी हेच टांगून आलो होतो. आणि बाहेर येऊन त्याच आकारात वाकलो होतो. कुणीतरी माझाच साचा कापून ठेवल्यासारखा. कितीतरी पिढ्यांपूर्वी.

आत गेलो तर सरांनी जवळ बोलावलं. त्यांच्याबरोबर एक बागायतदार साहेब होते, साखर कारखान्यातलं मोठं प्रस्थ. चित्र त्यांना दिवाणखान्यासाठी हवं होतं. पण हेच चित्र खेड्यात भिंतीभिंतीवर आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते त्यांना पसंत नव्हतं.

सर म्हणाले, "साचा आण. साहेबांसमोर फाडून टाक."

मी विचारलं, का.

"एकच असलं तर ती कला. गल्लोगल्ली असलं तर जाहिरात. आणि गावाकडच्या भिंतींवर चुना मारून घ्या. चुन्याची सोय मी करतो."

हॉलमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. मी जाऊन पोत्यावरचा साचा उचलला. सरांना वाटलं, फाडायला उचलला. मी तो उजेडात धरला. कापलेले शब्द सगळ्यांना दिसतील असा.

"ह्याच्या खाली दोन शब्द आहेत. सरांनी ते मारू दिले नाहीत. 'वरून का' असं लिहिलंय. मीच लिहिलंय. मी मॅट्रिक आहे. चित्रातली बाई माझी आई आहे आणि तिला पाऊस नाही पडला म्हणून तहान लागलेली नाही. साचा मी फाडणार नाही."

सर खालच्या आवाजात म्हणाले, "तुला इथं कुणी आणलं, विसरू नकोस."

मी बंडी काढली. तिथंच, सगळ्यांसमोर. ती खुर्चीवर ठेवली, व्हरांड्यात जाऊन शर्ट घातला आणि साचा काखेत मारून चालत स्टँडवर आलो.

चित्र विकलं गेलं. सरांचं नाव घेऊन दिवाणखान्यात लागलं. सरांनी पुढं सांगितलं की पोरगं बिघडलं, पुढाऱ्यांच्या नादी लागलं. सोपान माझ्यावर चिडला. सरांनी त्याला वर्गात कामाला घेतो असा शब्द दिला होता, तो माझ्यापायी बुडेल म्हणाला. महिन्याभरात तो नगरला गेला आणि सरांसाठी साचे कापायला लागला. एकाच फिल्मवर डोकी वाकवून बसणारी आम्ही माणसं, रस्त्यात दिसलो तरी बोलेनासे झालो. हे मी सरांना कधी माफ केलं नाही.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं हातोडा खाली ठेवला.

"पानी वरूनच दिलं का तिथं बी?"

"व्हय."

तिनं साचा हातात घेतला, कापलेल्या अक्षरांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग आक्षरं बारकी पडली तुजी. लांबून दिसतील आशी काप."

मी कापली. हाताएवढी. दिवसाढवळ्या नगरला जाऊन हॉलच्या समोरच्या भिंतीवर छाप मारला. दुसऱ्या आठवड्यात त्यावर चुना होता. आम्ही चुन्यावर मारला.

पुढच्या वर्षी सरांचा निरोप आला. मुंबईला मोठं प्रदर्शन आहे, या खेपेला नाव तुझं लावू, मागचं विसरून जा. निरोप घेऊन सोपानच आला होता. माझ्याकडं न बघता बोलत होता. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "सरांना म्हणावं, हॉलच्या आत काय हाय ते नको सांगू. बाहेरची भिंत किती लांब हाय तेवढं कळव."

उत्तर आलं नाही. मग मीच मुंबईला जाऊन त्या हॉलची बाहेरची भिंत बघून आलो. रस्त्याच्या कडेची, लांबलचक, कोरी. एका माणसाला झेपणारी नव्हती. मी परत आलो आणि वाड्यातल्या पोरापोरींना फिल्म वाटली, ब्लेड वाटली. कापायला बसा म्हणालो. आपल्याला मुंबईला जायचंय, आणि कुणी बोलावलेलं नाही.