खाणीचं कुंपण

खाणवाल्यानं मला फसवलं आणि मी म्हाताऱ्याला. पहिली गोष्ट मी सगळ्या ढोकी गावाला ओरडून सांगितली. दुसरी आज सांगतोय.

"थांबा, दगडाला इचारू," म्हातारा म्हणायचा. मग हातोडीनं दोनदा ठोकून कान लावायचा. हातातल्या वस्तूशी असं बोलणारा कारागीर तुम्हीही पाहिला असेल.

बालाघाटच्या त्या दरीत खडीच्या दोन खाणी होत्या. त्या बंद पडल्या, वस्त्या उठल्या, खड्ड्यांत पाणी साचलं. सुरुंग उडवण्याआधी लाल फडकं हलवून लोकांना हटवणारा हा म्हातारा तेवढा मागं राहिला.

"आता हटवता कुणाला?" मी हसून विचारलं.

"गुरं येत्यात की."

मी भंगारवाला. सायकलवर सुरुवात केली, आज टेम्पो आहे. खाणवाल्याकडून खडी फोडायचं जुनं मशीन पावती करून विकत घेतलं. उचलायला गेलो तर मोटर गायब. डोकं फिरलं. तेवढ्यात मोठ्या खाणीभोवतीचं लोखंडी कुंपण दिसलं.

"ते वस्तीनं वर्गणी काढून केलंय," म्हातारा म्हणाला. "तुमच्या सौद्यात हाय का?"

त्याला वाचता येत नव्हतं. मी पावती उघडली आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "...आणि कुंपण." पावतीत तो शब्दच नव्हता.

"कागदात हाय तर न्या."

खांब हलेनात, तेव्हा तोच खाली बसला. बुडाशी ठोकून कान लावला. "हितं मारा, शेठ. सुटंल." एकेक खांब त्यानंच सोडवून दिला. निघताना म्हणाला, "भोवतीनं काट्या तरी टाकाल का?"

"उद्याच," मी म्हणालो.

पावसाळा संपल्यावर गेलो, तेही उरलेले पत्रे आणायला. काठावरच्या बाभळीला लाल फडकं बांधलेलं होतं. शेळ्या राखणारी एक बाई म्हणाली, "रोज हितंच उभं असायचं म्हातारं. गाय काठावर गेली, हाकलाया धावलं. काठच ढासळला. गाय वाचली." मग तिनं विचारलं, "कुंपण कुणी नेलं वो?"

"ठाऊक न्हाय," मी म्हणालो. टेम्पो रिकामाच परत आणला.

मोटरीसाठी मी खाणवाल्याची चारचौघांत गचांडी धरली होती. माझी अजून कुणी धरली नाही. पावती माझ्या दुकानात आहे. कुणीतरी या, मला ती मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, यात कुंपण कुठं लिहिलंय?