पुंजाजीचं मनगट

आमचे मालक, म्हंजी माझे घरधनी, पुंजाजी. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला आमची मेंढरं चरतात. शेळीमेंढीचा पाय मोडला की आसपासची माणसं त्यांच्याकडंच यायची. बांबूच्या कामट्या लावून, चिंधी गुंडाळून असा पाय बांधायचे की जनावर बराबर चालायला लागायचं. त्याचीच लई घमेंड होती!

औंदा एडक्यानं धडक दिली अन् हे कालव्याच्या दगडावर आपटले, सगळा भार उजव्या हातावर. मनगट सुजून टम्म. मी म्हणलं, दवाखान्यात चला. तर म्हणे, "एवढे पाय बांधले, माझं मनगट बांधता येईना काय?" दातानं अन् डाव्या हातानं बांधलंबी. महिन्याभरानं कामट्या सोडल्या तर मनगट वाकडं. मूठ वळंना, कातर धरता येईना. मंग लोकर कोण काढणार? एक दिवस म्हणाले, "मेंढरं विकून टाकू."

मी त्यांना ओढतच नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हाडाचे तुकडे वाकडे जमलेत. पुन्हा कापून सरळ करावं लागेल, आत पट्टी अन् स्क्रू बसवावे लागतील. हात सुधरेल, पण पहिली ताकद येईलच असं न्हाई.

हे उठूनच निघाले. "जमलेलं हाड कोणी तोडतं का? वाकड्या पायाच्या बकऱ्याला आमी बाजारात नेतो."

मी म्हणलं, "मंग तुमालाबी नेऊ का बाजारात? कोण घेईल असलं आडमुठं?"

डॉक्टरबी हसले. हे मातर खाली बघून हळूच म्हणाले, "नर्मदे, मला भेव वाटून राहिलं." एवढ्या संसारात पहिल्यांदा असं बोलले. माझा राग कुठल्या कुठं गेला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरनं दुसऱ्याच दिवसापासून बोटं हलवायला सांगितली, तर हे हलवंनात. मोडलेला पाय हलवायचा नसतो म्हणे! मंग मीच रोज एकेक बोट धरून वळवायची. हे कळवळायचे, मला शिव्या घालायचे. घाला म्हणलं, पण मूठ वळवा.

दिवाळीनंतर ह्यांनी कातर हातात घेतली. अर्धी मेंढी झाली अन् हात थरथरायला लागला. मला वाटलं, आता कातर फेकून देतात. बायकांनी मेंढी कातरायची आमच्यात रीत न्हाई. पण ह्यांनी मेंढी गुडघ्याखाली दाबली अन् कातर माझ्याकडं केली. "घे. मेंढी मी धरतो, तू कातर."

मी कातरली वाकडीतिकडी. मेंढीचं पार ध्यान करून टाकलं. हे पोट धरून हसले अन् मला मेलीला रडूच आलं. मेंढरं विकायचं नाव पुन्हा काढलं न्हाई त्यांनी.