‘संपलं’नंतरचं कार्ड

दुपारचे तीन वाजलेत आणि सुरेखाच्या पापण्या तिचं ऐकेनाशा झाल्यात. वर्गात कोणी नाही. दिवाळीची सुट्टी आज संपते. उद्या दहाला स्वमग्न मुलांचा हा वर्ग पुन्हा भरेल. टेबलावर उद्याच्या दिवसाची चित्रकार्डं पसरलीत: प्रार्थना, मणी ओवणं, डबा, झोपाळा, घर. या कार्डांच्या पट्टीवरूनच मुलांना दिवस कळतो. एक काम झालं की त्याचं कार्ड काढून ‘संपलं’ लिहिलेल्या डब्यात टाकायचं आणि पुढचं बघायचं. सगळी कार्डं तयार आहेत, एकच राहिलंय. त्यासाठी ती सकाळपासून बसलीय आणि आतापर्यंत फक्त चार वेळा चहा झालाय.

ते कार्ड शिंत्रे बाईंचं. बाई लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गेल्या. बावीस वर्षं त्यांनी हा वर्ग चालवला, त्यातली अकरा सुरेखा त्यांच्या हाताखाली होती. नऊ वर्षांची जुई रोज आत आली की ‘आज कोण आहे’ या फळीवर बाईंचा फोटो वेलक्रोने चिकटवायची आणि मगच जागेवर बसायची. बाई दवाखान्यात होत्या तेव्हा सुरेखाने तिथे ‘आज नाही’ असं कार्ड लावलं. आज नाही म्हणजे उद्या आहे, असं जुईने धरलं आणि पोरगी बारा दिवस फाटकाशी बसून राहिली. उद्या तिला काय दाखवायचं?

पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावून सुरेखा टेबलावर डोकं टेकते.

“कोपरे कापले नाहीस.”

समोर मुलांच्या ठेंगण्या खुर्चीत शिंत्रे बाई बसल्यात, गुडघे पार हनुवटीपर्यंत आलेत. एकेका कार्डाचे टोकदार कोपरे त्या कात्रीने गोल करतायत. सुरेखाला नवल वाटत नाही. टेबलावरच्या पसाऱ्याची मात्र लाज वाटते.

“बाई, तुम्ही गेलात ना?”

“गेले की. म्हणून काय कोपरे टोचायचे थांबतात?”

खिडकी कधी सरकली कोण जाणे, आता ती बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. ओट्यावर कुकर चढलाय आणि भिंतीवर फळी आहे, वर्गातलीच. बाईंनी कुकरची शिट्टी काढून हातात धरलीय.

“जुईला आवाज सोसत नाही,” त्या म्हणतात. “तिला काय सांगितलंस माझं?”

“आज नाही, म्हणून.”

“वेळ मारून नेलीस.”

“मला वाटलं, तुम्ही याल.”

बाई शिट्टी पदराला पुसत राहतात. “मलाही वाटलं होतं गं.”

ओटा लांबत जातो आणि त्याचा दवाखान्याचा व्हरांडा होतो. बाकांवर माणसं नाहीत, मुलांचे डबे ओळीने मांडलेत. बोलायचं नसतं तेच तोंडातून निघतं.

“मी आले होते, बाई. तीनदा. फाटकावरूनच परत गेले. तुम्हाला तसं बघायचं धाडस झालं नाही.”

“दिसायचीस ना खिडकीतून. तुझी ती हिरवी छत्री.” बाई हसतात. “एक शाळेच्या फाटकाशी, एक दवाखान्याच्या. दोघी माझ्याच.”

व्हरांड्याच्या टोकाला पुन्हा वर्ग आहे. बाई फळीवरून स्वतःचा फोटो काढतात आणि ‘संपलं’च्या डब्याकडे जातात. सुरेखा धावत जाऊन डबा पोटाशी धरते.

“नको ना, बाई!”

“फळीवर खोटं लावायचं नाही. मीच शिकवलंय ना तुला? बरं, एक सांग. काम संपलं आणि पुढची जागा कोरी ठेवली, तर काय होतं?”

“मुलं घाबरतात.”

“मग माझ्या पुढची जागा कोरी का? तुझा फोटो कुठाय?”

“मला नाही जमणार तुमच्यासारखं.”

“माझ्यासारखं कोणी मागितलंय? तिला रोज येणारं माणूस हवं, बस.”

“आणि मला कोण?” सुरेखा रडतच विचारते.

बाई तिच्या खांद्यावर हात ठेवतात.

“ते मला नाही गं सांगता येत.”

सुरेखा डोळे उघडते. ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आलंय, कपातल्या चहावर साय धरलीय. खांद्यापाशी ओढणी ओढल्यासारखी लागते, म्हणून ती हात नेते.

बाईंचा फोटो. वेलक्रोच्या बारीक काट्यांनी ओढणीत घट्ट रुतलेला. सकाळी आल्या आल्या तिने तो कपाटात उलटा घालून कडी लावली होती, आपल्याच नजरेला पडू नये म्हणून. कडी अजून लागलेलीच आहे.

ती फोटो तसाच खांद्यावर राहू देते आणि कोऱ्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहिते: शिंत्रे बाई मेल्या. त्या आज येणार नाहीत. उद्याही येणार नाहीत. कार्डाचे कोपरे कात्रीने गोल करते. मग ओळखपत्रावरचा स्वतःचा फोटो कापून घेते आणि त्याच्या पाठीवर वेलक्रो लावते.

आता खांद्यावरचा फोटो काढायलाच हवा. चर्र आवाज होतो, ओढणीचे चार धागे त्याच्याबरोबर निघून येतात. ती तो ‘संपलं’च्या डब्यात नुसता टाकत नाही, हात खोल घालून तळाशी ठेवते. मग ‘आज कोण आहे’खाली स्वतःचा फोटो लावते आणि निघणार नाही ना, म्हणून रडत रडत अंगठ्याने दाबत राहते.