सास्तूरच्या आजोबांचं हळू बोलणं

आम्ही दोघं विजापूरला दोन तास उशिरा पोचलो. धाराशिवहून निघाल्यावर मी एक फाटा चुकलो होतो, पण फाटाच चुकीच्या जागी आहे यावर मी ठाम होतो. तेव्हापासून बायकोनं अबोला धरला होता.

गोल घुमटाच्या वरच्या सज्ज्यात एक आजोबा भिंतीकडं तोंड करून उभे होते. धोतर, टोपी आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून हातात स्वतःच्या चपला. मी बायकोला परत फाट्याचंच पटवत होतो; माझी बोली ऐकून ते वळले.

"धाराशिवकडचे व्हय? आमी सास्तूरचे." मग समोरच्या बाजूला बसलेल्या आजींकडं हनुवटीनं खूण करून म्हणाले, "आमची मालकीण बोलंना. भाकरीचं गठुडं घरी म्याच इसरलो, अन् वर तिच्यावरच खेकसलो."

"मग चुकलं म्हणा की."

"समद्यांम्होरं? हितं भिंतीपाशी हळू बोललं की फकस्त पल्याड ऐकू जातंय म्हनं."

त्यांनी भिंतीला गाल टेकवला. "चुकलं माझं!"

जन्मभर शेताच्या बांधावरून हाका मारलेल्या माणसाचं ते हळू! घुमटानं ते सात वेळा सगळ्यांना ऐकवलं.

पलीकडून आजी ओरडल्या, "ऐकू न्हाय आलं, परत म्हना!" तेही सात वेळा घुमलं.

आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले, "चाळीस वर्सं जपून ठिवलेलं, अन् ह्या मुडद्यानं एका दमात सात येळा वाजीवलं!"

मी पोट धरून हसत होतो. बायकोनं माझा दंड धरला, मला भिंतीसमोर उभं केलं आणि त्या फाट्यानंतर पहिल्यांदा बोलली, "हं, आता तुम्ही."